कला शाखेचा विद्यार्थी : त्याचा अभ्यास आणि त्याची अभिवृत्ती

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एक ठरावीक संवाद ऐकू येतो. चांगले गुण मिळाले तर सायन्स, त्याहून थोडे कमी मिळाले तर कॉमर्स आणि काहीच जमले नाही तर आर्ट्स. 'आर्ट्सला गेलाय' हे वाक्य पालक जरा खालच्या आवाजातच बोलतात. वास्तविक आपल्या समाजातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा फार मोठा वर्ग आजवर याच शाखेतून शिकला आहे. असे असताना हा विद्यार्थी अभ्यास कसा करतो, अभ्यासाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा विचार आपण क्वचितच केला. तो करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

सुरुवात एका साध्या अनुभवाने करतो. सायंकाळी अभ्यासिकेत मुलांबरोबर बसण्याचा आमचा परिपाठ आहे. एकदा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने सातवाहन काळावरचे उत्तर आम्हाला घडाघडा म्हणून दाखविले. मुद्दे, सनावळी, निष्कर्ष, सर्व काही बरोबर. आम्ही विचारले, "बाळ, सातवाहनांचा एक फार महत्त्वाचा लेख आपल्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेला आहे. तो तू पाहिलास का?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "सर, बुद्धपौर्णिमेला आम्ही दरवर्षी जातो. पण तो आमच्या अभ्यासातला भाग आहे, हे ठाऊक नव्हते."

या उत्तरात त्या मुलीचा दोष नाही. तिने गाईडमधून जे घ्यायचे ते नीट घेतले होते. आता गाईडची जागा पुष्कळ अंशी मोबाईलमधील पीडीएफने घेतली आहे, एवढाच फरक. प्रश्न असा की, हुशार व कष्टाळू मुलगीसुद्धा पुस्तकातील सातवाहन आणि डोंगरावरील सातवाहन यांची सांगड का घालत नाही?

संशोधन काय सांगते?

या प्रश्नाचा अभ्यास जगात अनेक ठिकाणी झाला आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठातील फेरेन्स मार्टन आणि रोजर सेल्यो यांनी १९७६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचावयास दिला आणि नंतर विचारले की, लेखात काय सांगितले आहे आणि तुम्ही तो कसा वाचलात? दोन प्रकारचे वाचक आढळले. काही जण शब्द, आकडे, नावे लक्षात ठेवण्याच्या खटपटीत होते. पुढे कोणीतरी विचारणार, ही धास्ती त्यांच्या मनात होती. दुसरे काही जण लेखकाला काय म्हणावयाचे आहे, ते खरे आहे काय, हे शोधीत होते. पहिल्या पद्धतीला वरवरचा अभ्यास व दुसरीला सखोल अभ्यास असे नाव पडले. वरवर वाचणाऱ्यांच्या हाती बहुधा लेखाचा गाभा लागला नाही.

याच संशोधकांचा पुढचा प्रयोग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्यांनी एका गटाला वाचताना मुद्दाम विचारप्रवर्तक प्रश्न दिले. अपेक्षा अशी की, त्यामुळे सर्वजण खोलात शिरतील. परंतु त्यातील पुष्कळांनी प्रश्नांचा साचा तेवढा ओळखला आणि त्या साच्यात बसतील असे मुद्दे गोळा केले. म्हणजे चांगली प्रश्नपत्रिका काढली की चांगला अभ्यास आपोआप होतो, असेही नाही. आपल्याकडून काय अपेक्षित आहे आणि शिकणे म्हणजे काय, याविषयी विद्यार्थ्याच्या मनात जी समजूत असते ती बदलावी लागते.

इंग्लंडमध्ये नोएल एन्टविसल व पॉल रॅम्सडेन यांनी ६६ विभागांतील २,२०८ विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यात इतिहास, इंग्रजी, मानसशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय होते, तसेच भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीही होती. जेथे शिकविणे चांगले आहे आणि अभ्यासात थोडे स्वातंत्र्य आहे असे विद्यार्थ्यांना वाटत होते, तेथे समजून घेण्याची वृत्ती जास्त आढळली. जेथे कामाचा बोजा फार व स्वातंत्र्य कमी, तेथे घोकून उतरविण्याची वृत्ती जास्त. यावरून हे ध्यानी घ्यावे की, 'हा मुलगा घोकंपट्टीवालाच' असा शिक्का कोणाच्या कपाळी जन्मतः मारलेला नसतो. परिस्थिती बदलली की तोच विद्यार्थी निराळा अभ्यास करतो.

पाठांतर वाईट आहे काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाठांतर म्हणजे वरवरचा अभ्यास, असे समीकरण आपण मांडू नये. १९९० नंतरच्या दशकात चिनी विद्यार्थ्यांविषयी जे संशोधन झाले, त्यात असे दिसले की, पुष्कळ विद्यार्थी पुनःपुन्हा म्हणत असताना प्रत्येक वेळी अर्थाच्या नव्या बाजूकडे लक्ष देतात. त्यांचे पाठांतर समजण्यासाठी असते. आपल्याला हे नवे नाही. तिपिटक लेखनबद्ध होण्यापूर्वी भिक्षुसंघाने पिढ्यान्‌पिढ्या ते मुखोद्गत राखले. अर्थ कळून केलेले पाठांतर ही शिदोरी आहे, अर्थावाचून केलेले पाठांतर नुसते ओझे होते.

आपल्या विद्यार्थ्याची विशेष अडचण

परदेशी संशोधन जसेच्या तसे येथे लागू होणार नाही. आपला विद्यार्थी बहुधा घरातील पहिला किंवा दुसरा पदवीधर असतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली आणि तिच्या आधाराने हजारो मुले कॉलेजात पोहोचली. पुढे १९७० च्या दशकात पंधरा राज्यांतील अनुसूचित जातींच्या शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचा अहवाल डॉ. सुमा चिटणीस यांनी १९८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या इंग्रजी नावाचा अर्थच 'अजून लांबचा पल्ला' असा आहे. प्रवेश मिळाला म्हणजे समता मिळाली असे होत नाही. कॉलेजच्या दारातून आत गेल्यावर मुलगा काय शिकतो, कसा शिकतो, हाही समतेचाच प्रश्न आहे.

आमच्या नाशिकपुरते बोलायचे तर १९२४ साली स्थापन झालेल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयापासून येथे कला शाखेच्या उच्च शिक्षणाची परंपरा आहे. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकलाच स्थापन झाले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणारे, संसार सांभाळणाऱ्या भगिनी, अर्धवट शाळा सुटलेले, अशा अनेकांना त्यामुळे बी. ए.ची वाट खुली झाली. या विद्यार्थ्याला वेळ थोडा असतो. तो आखूड वाट शोधतो, यात नवल नाही. त्याला दोष देण्यापेक्षा थोड्या वेळात समजून कसे शिकावे, हे दाखविणे आपले काम आहे.

लेण्यांतील दोन धडे

त्या मुलीच्या उत्तरानंतर आम्ही एका रविवारी कला शाखेच्या मुलांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. शहरापासून अंतर अवघे आठ किलोमीटर. या वेळी वह्या बरोबर होत्या.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. अर्थशास्त्राच्या एका मुलाने तेथेच हिशेब मांडला : महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा म्हणजे २४०. हिशेब तंतोतंत जुळला, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कामगारांची श्रेणी बँकेसारखे काम करीत होती, हे वाक्य त्याने पुस्तकात वाचलेले होते. त्याचा अर्थ त्याला त्या दिवशी कळला.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. त्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती केली आहे. चार वर्णांचा संकर थांबविणारा असेही त्याला म्हटले आहे. आणि त्याच लेखात ते लेणे बौद्ध भिक्षुसंघाला दान दिले आहे. हे ऐकून सातवाहनांचे उत्तर पाठ असलेली ती मुलगी म्हणाली, "सर, वर्णव्यवस्था राखल्याचे कौतुक करायचे आणि दान बौद्ध संघाला द्यायचे, हे कसे?" आम्ही तिला तयार उत्तर दिले नाही. राजसत्तेची गरज, व्यापाऱ्यांचा संघाला असलेला पाठिंबा, राजघराण्यातील स्त्रियांची श्रद्धा, असे अनेक धागे आहेत. ते तिने ग्रंथालयात जाऊन सोडवावेत, एवढेच सांगितले.

परतताना एकाने विचारले, "परीक्षेत याला गुण मिळतील का?" प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही म्हणालो, प्रत्येक वेळी मिळतीलच असे नाही. पेपर लिहिताना मुद्देसूद लिहावेच लागेल. परंतु ज्याला गोष्ट कळली आहे त्याला ती मुद्देसूद लिहिणे सोपे जाते; नुसती पाठ करणाऱ्याचा मात्र एक मुद्दा विसरला की सारे उत्तर कोसळते.

अभिवृत्तीचा प्रश्न

अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा मनाचा कल. 'मी आर्ट्सचा, म्हणून कमी' हा कल विद्यार्थ्याच्या मनात आपणच पेरतो. अशा मुलाला पदवी म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या अर्जासाठी लागणारा कागद वाटू लागते आणि तीन वर्षे वाया जातात.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र हेच विषय शिकले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. जो प्रश्न त्यांनी स्वतः भोगला होता, तोच त्यांनी शास्त्राच्या कसोटीला लावला. सखोल अभ्यासाचा याहून मोठा दाखला आपण कोठे शोधावा?

आपण काय करावे?

पालकांनी 'किती पाने झाली?' असे न विचारता 'आज काय कळले, ते मला सांग' असे विचारावे. आई-वडील कमी शिकलेले असतील तर उत्तमच. त्यांना समजेल अशा भाषेत सांगता आले, तर विषय मुलाला कळला असे समजावे.

अभ्यासिकांनी आठवड्यातून एक तास चर्चेसाठी ठेवावा. एकाने प्रकरण मांडावे, इतरांनी शंका काढाव्यात. गाईडवर बंदी घालण्याचे कारण नाही, पण मूळ पुस्तक वाचल्यावरच ते उघडावे.

विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराकडे अभ्यासविषय म्हणून पाहावे. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यासह ज्यांनी तो चालविला, त्यांच्या आठवणी अजून अनेक घरांत सांगितल्या जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आजी-आजोबांकडून त्या लिहून घ्याव्यात, तारीख-वार पडताळावेत. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील शाळा सोडलेल्या मुलांच्या घरी जाऊन कारणे विचारावीत.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. दानलेखांतील स्त्रिया या विषयावर तिने एक वही भरत आणली आहे. परवा तिने आम्हाला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आम्हालाच ठाऊक नव्हते. आता पुढच्या रविवारी पुन्हा लेण्यांवर जायचे ठरले आहे. ज्या समाजबांधवांना आपल्या मुला-मुलींना पाठवावयाचे असेल, त्यांनी अवश्य पाठवावे. वही-पेन्सिल मात्र बरोबर द्यावी.

जयभीम.