लहान बुश, मोठा भार

आपल्या भिवंडी भागात रात्रंदिवस ट्रक चालतात. कोणी कापडाचे तागे नेतो, कोणी गोदामातला माल नेतो. एखादा ट्रक उभा असला, तर त्याच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. पोलादाच्या लांब पट्ट्या एकीवर एक बांधलेल्या दिसतील. त्यांचा आकार धनुष्यासारखा असतो. त्यांना पाटे म्हणतात. गाडीचा भार हे पाटे झेलतात.

जुन्या फियाट गाडीलाही मागे असेच पाटे असतात, फक्त लहान. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात होत असे. शेठ वालचंद हिराचंद यांनी ही कंपनी १९४४ साली काढली. पुढे फियाटचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. २००० सालच्या सुमारास ही गाडी बनायची बंद झाली. मुंबईच्या टॅक्सीतून शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निघाली. पण काही घरांत ती अजून जपून ठेवलेली आहे.

टेमघरच्या एका दादांकडे अशीच एक पद्मिनी होती. दुसऱ्या दिवशी शहापूरला लग्न होते. घरची सगळी माणसे गाडीतूनच जाणार होती. सकाळी दादा आणि वहिनी गाडी घेऊन मिस्त्रीकडे आले.

दादा म्हणाले, “मिस्त्री, खड्ड्यात गेली की मागून टकटक वाजते. वळणावर गाडी मागून झोके खाते. पाटा तुटला की काय?”

मिस्त्रीने गाडीखाली बॅटरीचा उजेड पाडला. एक लहान पहार पाट्याच्या टोकाला लावून हलवली. टोक खाली-वर हलले. तिथून काळा भुगा पडला.

“पाटा शाबूत आहे, दादा. बुश गेलाय,” मिस्त्री म्हणाला.

बुश म्हणजे काय?

पाट्याचे टोक गोल वाळवलेले असते. त्या गोलातून बोल्ट जातो आणि पाटा गाडीच्या अंगाला जोडला जातो. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराची जाड नळी बसवतात. तिलाच बुश म्हणतात. काही बुशांच्या आत लोखंडी नळीही असते.

बैलगाडीचा तुंबा झिजला की चाक कसे लडबडते, ते आपण पाहिले आहे. तसेच इथे होते. बुश झिजला की बोल्टाभोवती जागा मोकळी होते. मग पाटा हलतो, मागचा आसही हलतो आणि गाडी सरळ चालत नाही. टायर वाकडे झिजतात. बोल्टाचे भोक मोठे होते. थोड्या पैशांचे काम मोठ्या खर्चावर जाते. जोरात ब्रेक मारला आणि गाडी भलतीकडे ओढली गेली, तर जिवावर बेतते.

पाट्याचे मागचे टोक एका झुलत्या कडीला टांगलेले असते. तिला शॅकल म्हणतात. धनुष्य दाबले की त्याची टोके लांब जातात. भार पडला की पाटाही तसाच लांबतो. तेव्हा शॅकल झुलते आणि पाट्याला जागा देते. तिथेही बुश असतात.

बुश का झिजतो? रबर झाडाच्या चिकापासून होते. आपल्या देशात केरळात त्याचे मोठे मळे आहेत. नुसता चीक उन्हाने चिकट होतो आणि थंडीने कडक होतो. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांनी चिकात गंधक घालून तो तापवला, तेव्हा रबर टिकाऊ झाले. या रीतीचा हक्क त्यांनी १८४४ साली नोंदवला. तरीही रबर कायमचे टिकत नाही. ऊन, हवा आणि तेल लागून त्याला भेगा पडतात.

चिठ्ठी वाचली म्हणून बरे

दादांनी दुकानातून बुश आणले. दुकानदाराने मराठीत चिठ्ठी दिली होती. वहिनी साक्षरता वर्गाला जातात. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि एकेक अक्षर लावून वाचली.

“अहो, यात अँबॅसेडर लिहिलंय. आपली गाडी पद्मिनी ना?”

दादा खजील झाले. ते परत दुकानात गेले. या वेळी मिस्त्रीने काढून दिलेला जुना बोल्ट त्यांनी सोबत नेला. तो नव्या बुशात घालून पाहिला आणि मगच पैसे दिले. नमुना सोबत असला की चूक होत नाही. चिठ्ठी वाचून घेतली की वाद होत नाही.

काम कसे केले?

गाडी सपाट, टणक जमिनीवर होती. मिस्त्रीने पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले होते. दादांनी विचारले, “हातब्रेक ओढलाय, गिअरही टाकलाय. मग ठोकळे कशाला?”

मिस्त्री म्हणाला, “या गाडीत दोन्हींची पकड मागच्या चाकांवर. मागची चाकं उचलली की पकड गेली. गाडी पुढे घरंगळेल.”

जॅकने गाडी उचलून त्याने खाली दोन भक्कम लोखंडी घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तो कधी जात नाही. जॅक सरकतो, तेल गळून खाली बसतो. विटा आणि फुटके दगडही भरवशाचे नाहीत. वीट भाराने अचानक फुटते. गाडीखाली माणूस असेल, तर बाहेर यायला क्षणही मिळत नाही.

मागच्या आसाखाली त्याने दुसरा जॅक लावला. आस हळूहळू वर-खाली करून पाट्यावरचा ताण घालवला. ताण असताना बोल्ट काढला, तर पाटा उसळून हात चेचतो. गंजलेल्या नटांवर तेल घालून वाट पाहिली आणि मग पाना लावला.

जुना बुश अडकून बसला होता. दादा म्हणाले, “ग्यासची ज्योत लावा. जळून निघेल.”

“नको,” मिस्त्री म्हणाला. “रबराचा धूर छातीला वाईट. आणि पाटा तापला की पोलादाचं पाणी उतरतं. मग तो वाकतो, नाहीतर मोडतो.”

त्याने एक लांब बोल्ट, दोन वायसर आणि नळीचा तुकडा घेतला. नट आवळत गेला तसा जुना बुश नळीत सरकून बाहेर आला. भोक घासून स्वच्छ केले. पाट्याला कुठे तडा नाही ना, ते पाहिले. नव्या बुशाला साबणाचे पाणी लावून तो सरळ दाबून बसवला. ग्रीस किंवा तेल लावले नाही. तेलाने असले रबर फुगते आणि मऊ पडते.

एका बाजूचेच बुश बदलावेत, असे दादांच्या मनात होते. मिस्त्रीने नाही म्हटले. एक बाजू घट्ट आणि दुसरी सैल झाली, तर गाडी वाकडी ओढते. दोन्ही बाजूंचे बुश बदलले.

शेवटचा नट

संध्याकाळ झाली. दादांना घाई होती. “मिस्त्री, आता नट आवळा आणि सोडा आम्हाला.”

मिस्त्री म्हणाला, “थांबा. गाडी अजून घोड्यांवर आहे, पाटे लोंबताहेत. आत्ता आवळलं, तर बुश याच स्थितीत पकडला जाईल. गाडी खाली आली की पाटा फिरेल आणि रबराला पीळ बसेल. तो पीळ रात्रंदिवस राहील. नवा बुश लवकर फाटेल. घाईच असेल, तर उद्या एस.टी.नं जा.”

दादा गप्प बसले. मिस्त्रीने नट हातानेच लावले. घोड्या काढून गाडी चाकांवर उभी केली. मागून दाबून दोन-तीन वेळा हलवली. भार नीट बसल्यावरच नट पक्के आवळले. मग रस्त्यावर चक्कर मारली. टकटक थांबली होती.

“शंभर किलोमीटर झाले की परत या. नट पुन्हा तपासू,” मिस्त्रीने बजावले.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून ५-५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. जुनी गाडी ठेवणाऱ्याने ही तारीख स्वतः वाचावी. पण तपासणी येईपर्यंत थांबू नये. गाडी आधी आवाजाने सांगते. तो ऐकावा, म्हणजे घरची माणसे सुखरूप घरी येतात.

वाचा आणि सांगा

१. बुश झिजला हे कशावरून कळते?
२. वहिनींनी चिठ्ठी वाचली नसती, तर काय झाले असते?
३. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली का जाऊ नये?
४. नट गाडी चाकांवर उभी करून का आवळला?
५. हे शब्द लिहा: पाटा, बुश, शॅकल, पाना, घोडी.