महागडा टोस्टर घ्यावा का?

प्रश्न : ड्युअलिट हा ब्रिटिश टोस्टर दुरुस्त होत होत वर्षानुवर्षे चालतो म्हणे. मुलगा लंडनहून आणणार आहे. आणू द्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : यंत्र उत्तमच. एलिमेंट जळाले, टायमर बिघडला तर तेवढाच भाग बदलतो. व्होल्टेजही आपलेच, 230. प्लग बदलावा लागेल, ते किरकोळ. पण सुटा भाग पुन्हा विलायतेहूनच मागवायचा, मग दुरुस्तीचा फायदा काय? त्यापेक्षा पैसे चांगल्या मिक्सरवर घाला. कपलर, कार्बन ब्रश ठाणे-कल्याणच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे मिळतात. टोस्टला साधा पॉप-अप पुरे. नाहीतर सँडविचवाल्यांचा गॅसवर धरायचा, लांब दांड्यांचा टोस्टर आणा. त्यात जळायला एलिमेंटच नाही!