खाज हाताला, राग पातेल्यावर



कारखान्यावर भेट झाली की उसाच्या वजनाबरोबर घरच्या गोष्टीही निघतात. अलीकडे एक प्रश्न आमच्या कानावर येतो : "घरात हाताला चट्टे उठतात. स्टीलमधल्या निकेलनं होतं म्हणे. सगळी भांडी मोडीत घालून पितळेची आणावीत का?" आमचे सांगणे असे, की घाई करू नका.

स्टेनलेस स्टील हे मिश्रण आहे. भांड्यावर ३०४ किंवा १८/८ असा आकडा असेल, तर शंभर भागांत सुमारे १८ भाग क्रोमियम, ८ भाग निकेल आणि बाकी मुख्यतः लोखंड असते. क्रोमियममुळे वर एक अतिशय पातळ थर धरतो. त्यामुळे भांडे गंजत नाही व निकेलही सहसा आतच राहते. असे भांडे नुसते हाताळून चट्टे उठणे विरळाच.

मग खाज कशाची? काहींच्या शरीराला निकेल सोसत नाही. त्याची सुरुवात बहुधा कानातल्या खोट्या दागिन्यांपासून होते. पुरुषांत घड्याळाचा पट्टा, कमरेचे बक्कल, पॅंटचे बटण. उन्हात राबताना घाम येतो, घामाने निकेल सुटते आणि कातडीत उतरते. खाज लगेच येत नाही, एकदोन दिवसांनी येते. म्हणून खरे कारण ध्यानात राहत नाही. एकदा जडलेली ही बाधा बहुधा जन्मभर राहते. शिवाय हाताचे चट्टे भांडी घासायच्या साबणानेही उठतात, हे विसरू नये.

आता स्वयंपाकाचे. कारखान्यात उसाच्या रसाचा आंबटपणा चुना घालून कमी करतात. चिंचेच्या आमटीत तसे करता येत नाही. आंबट पदार्थ स्टीलमध्ये फार वेळ शिजला, तर थोडे निकेल उतरते. नव्या भांड्यातून जास्त, चारदोन वापरानंतर कमी. पण डाळी, शेंगदाणे, काजू यांतही निकेल मुळातच असते. बाधा असलेल्या बहुतेकांना जेवणातून त्रास होत नाही, थोड्यांनाच होतो.

पितळेचे मात्र नीट ऐका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कथलाची कल्हई उडाली, की तांबे अन्नात उतरते. दूध आंबट नसले तरी तांबे धरून ठेवते. पुण्यात लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या रोगाचा अभ्यास झाला. तांब्या-पितळेच्या भांड्यातले जनावराचे दूध तान्ह्या वयात पाजणे हे त्याचे कारण असावे, असे डॉक्टरांनी १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे ही भांडी दुधासाठी वापरणे मागे पडले, तसा हा रोगही विरळ झाला. खाजेच्या भीतीने तीच भांडी पुन्हा दुधाला लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तेव्हा एवढे करावे :

१. आधी खोटे दागिने आणि घड्याळ काही आठवडे काढून ठेवून पाहावे.

२. चट्टे राहिलेच तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. ते पाठीवर औषधाच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून तपासतात आणि एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. म्हणजे तर्क करावा लागत नाही.

३. निकेलची बाधा ठरलीच, तर आंबट पदार्थ काचेच्या किंवा चांगल्या इनॅमलच्या भांड्यात करावेत. भाकरीला लोखंडी तवा उत्तम.

४. स्टील घेताना भांड्याच्या कडेला लोहचुंबक लावावे. घट्ट चिकटले, तर निकेल बहुधा अगदी कमी असते. बुडाला लावू नये. पुष्कळ भांड्यांना तिथे वेगळा पत्रा जोडलेला असतो.

५. लोणचे, ताक, चिंचेचा कोळ धातूच्या भांड्यात साठवू नये. चिनी मातीची बरणी बरी.

६. पितळेचे पातेले वापरायचेच तर कल्हई वेळच्या वेळी करावी. तान्ह्या बाळाचे दूध त्यात तापवू नये आणि ठेवूही नये.

हा अंक वाचून झाला, की घरात भगिनींच्या हाती अवश्य द्यावा.