मज्जातंतू आणि फवारणीचे औषध



विळा बोटाला लागताच हात आपोआप मागे येतो. वेदना मात्र क्षणभराने जाणवते. असे का?

आपल्या मज्जासंस्थेचे तीन भाग आहेत: कवटीतील मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि तेथून अंगभर पसरलेले मज्जातंतू. बोटाची वार्ता मज्जारज्जूत पोचताच तोच हाताला हुकूम देतो. मेंदूला बातमी मागाहून मिळते.

मज्जातंतूतून संदेश विजेसारखा धावतो. पण तंतू आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. ती ओलांडण्यासाठी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन पाझरते. काम होताच एक एन्झाइम त्याचा नाश करते आणि स्नायू सैल पडतो. वाफा भरला की आपण बारे मोडतो, तसेच हे.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके नेमके हेच एन्झाइम निकामी करतात. कीड त्यानेच मरते. पण माणसाच्या शरीरातही तीच व्यवस्था आहे. मग संदेश थांबतच नाही. घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे आणि शेवटी श्वास कोंडणे, हा त्याचा क्रम. हे विष कातडीतूनही शिरते.

म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. लक्षणे दिसताच रोग्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, मुद्दाम उलटी करवू नका आणि औषधाची बाटली घेऊन तडक रुग्णालय गाठा. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले, तर जीव वाचू शकतो.