लाकडी उशी आणि आपला बाक : झुलू वारशाकडून एक धडा



सुतारकाम शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा धडा लिहीत आहे. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनीही तो वाचावा. कार्यशाळेत मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : "सर, शहरात मिळतं तसंच टेबल आपण केलं, तर लोक ते आपल्याकडून कशाला घेतील?" प्रश्न रास्त आहे. कारखान्यातल्या प्लायवूडच्या टेबलाशी किमतीची स्पर्धा आपल्याला झेपणार नाही. आपल्या वस्तूत आपल्या माणसांची ओळख असेल, तरच तिला मोल येईल. पण ही ओळख वस्तूत आणायची कशी? वरून चित्र चिकटवून ती येत नाही. हे समजण्यासाठी आज आपण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांकडे जाऊ.

घर आणि त्यातल्या वस्तू

झुलूंचे जुने घर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गोल, गवताने शाकारलेले असे. जमीन शेणाने सारवून गुळगुळीत केलेली. आत शिरल्यावर उजवी बाजू पुरुषांची, डावी बायकांची. दारासमोरच्या मागच्या भागाला 'उम्सामो' म्हणतात. ती पूर्वजांची जागा. सारे जमिनीवर, गवताच्या चटईवर बसत, म्हणून घरात उंच फर्निचर नव्हतेच. जे होते ते ठेंगणे, भक्कम आणि एका ओंडक्यातून कोरलेले.

त्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे झोपताना मान टेकवायची लाकडी उशी. तिच्या झुलू नावात जिभेने टिचकी वाजवल्यासारखा उच्चार आहे आणि त्याला देवनागरीत अक्षर नाही, म्हणून मी 'लाकडी उशी' असेच लिहितो. साधारण हातभर लांब, वीतभराहून कमी उंच. मेहनतीने केलेली केशरचना झोपेत मोडू नये, हा तिचा एक उपयोग. नवरी सासरी येताना अशा उश्या घेऊन येई. झोपेत, स्वप्नात पूर्वज भेटतात अशी श्रद्धा असल्याने ही उशी मालकाशी कायमची जोडलेली असे. काही वेळा ती त्याच्यासोबत पुरलीही जाई. पुष्कळ उश्यांचे पाय गुरांच्या पायांची आठवण करून देतात, कारण झुलू जीवनात गुरे म्हणजे संपत्ती, लग्नातले देणे आणि पूर्वजांशी नाते.

दुधाची लाकडी चरवी पाहा. धार काढणारा ती गुडघ्यांत धरतो. ती निसटू नये म्हणून बाहेरून लाकडाचेच उंचवटे ठेवतात. 'अमासुम्पा' नावाची उठावदार ठिपक्यांची नक्षी चरवीवर, मांसाच्या थाळ्यावर, बिअरच्या काळ्या मडक्यावर आणि उशीवरही दिसते. या शब्दाचा अर्थ 'चामखीळ'. काही जण त्या ठिपक्यांत गुरांचा कळप पाहतात. सांगायचा मुद्दा असा की इथे काम आणि शोभा वेगळी काढता येत नाही.

जुने टिकते कसे?

वस्तू बदलतात, हाताचे ज्ञान टिकते. शहरात रात्रपाळी करणाऱ्या झुलू पहारेकऱ्यांनी टेलिफोनच्या टाकाऊ रंगीत तारा आपल्या काठ्यांभोवती विणल्या. पुढे त्याच तारांनी मडक्यावरची झाकणे, म्हणजे 'इंबेंगे', विणली जाऊ लागली. आज त्या तारांच्या थाळ्या जगभर विकल्या जातात. साहित्य नवे, वीण जुनीच.

दुसरे उदाहरण रोर्क्स ड्रिफ्टचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पेडर आणि उल्ला गोवेनियस या स्वीडिश दांपत्याने तिथल्या ल्युथरन मिशनमध्ये हस्तकला केंद्र उभे केले. विणकर बायकांना तयार नमुना देऊन नक्कल करायला सांगितले जात नसे. त्या मागावरच आपल्या मनातली कथा विणत. वर्णभेदाच्या काळात हा मोठा विश्वास होता.

या प्रांताशी आपलेही एक नाते आहे. डर्बनजवळ मारियानहिल येथे १८८२ मध्ये ट्रॅपिस्ट साधूंनी मठ आणि कार्यशाळा उभारल्या. १८९५ मध्ये गांधीजींनी तो मठ पाहिला आणि तिथल्या श्रमाच्या जीवनावर लेख लिहिला. पुढे कॅलनबाख ट्रॅपिस्ट मठात चपला बांधायला शिकले आणि टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी ती विद्या गांधीजींना व इतरांना दिली. बाकांपासून पेट्यांपर्यंतचे सुतारकामही त्या फार्मवर होत असे.

बाक कसा घडवायचा?

आता कामाला लागू. मी सुचवतो तो बाक १४ इंच उंच, ३६ इंच लांब, १२ इंच रुंद.

१. लाकूड : झुलू कारागीर मारुलाचे मऊ लाकूड कोरतात. आज ते झाड दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या वनकायद्याखाली संरक्षित आहे. आपणही परवान्याचे किंवा घरचे आंब्याचे लाकूड घ्यावे. ते पूर्ण वाळलेले हवे, नाहीतर तडकेल.

२. रचना : अख्ख्या ओंडक्यातून बाक कोरला तर लाकूड फार वाया जाते. म्हणून दीड इंच जाडीची फळी आणि चार आखूड, जाड पाय घ्या. पायाच्या टोकाला जीभ काढून ती फळीतल्या आरपार भोकात बसवा आणि वरून पाचर मारा. खिळा नको. पाय किंचित बाहेर झुकवा, म्हणजे बाक डुलणार नाही.

३. बैठक : वाकसाने मध्यभागी अर्धा इंच खोलगट करा, मग रंधा आणि कानस.

४. उठाव : नक्षी जिथे हात लावून बाक उचलायचा तिथेच, दोन्ही कडांना. आधी चौकडी आखा, पटाशीने रेघा खोल करा, मग एकेक चौकोन गोलावा. उठाव हाताला पकड देतो. इथेच चरवीचा धडा कामी येतो.

काय घ्यायचे नाही?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. झुलूंची उशी हुबेहूब करून 'स्टूल' म्हणून विकू नका. ज्यावर कुणी पूर्वजांची स्वप्ने पाहिली, ती वस्तू आपली नाही. तिच्याकडून पद्धत घ्या : ठेंगणेपणा, एकसंध भक्कमपणा, कामातून आलेली शोभा. नक्षी मात्र आपल्या घरची असू द्या.

आणि घरच्या नक्षीलाही मर्यादा आहे. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर देवचौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो चौक बसायच्या फळीवर कोरायचा का? माझे मत स्पष्ट आहे : नाही. शेत, झाड, तारपा, नाच हे सारे मोकळे आहे. शंका आली तर पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला विचारा. गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत असले तरी आधी तिला विचारा. उद्या ती वस्तू बाजारात पाहून आपल्याच माणसांनी मान खाली घातली, तर ती कमाई काय कामाची?

किंमत ठरवताना लाकूड, दिवसांची मजुरी आणि अवजारांची झीज वेगवेगळी लिहा. नक्षी दुसऱ्याने काढली असेल तर तिचा वाटा वहीत तिच्या नावाने लिहा.

स्वाध्याय

१. आपल्या घरातली हाताने केलेली एक जुनी वस्तू निवडा. तिचा प्रत्येक भाग काय काम करतो ते लिहा.
२. ती कोण वापरतो, कधी वापरतो आणि कोणी वापरायची नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.
३. तिच्यातली एकच गोष्ट घेऊन बाकाचे चित्र काढा आणि पुढच्या तासाला आणा. रंधे आणि पटाश्या धार लावून तयार ठेवतो.