पुन्हा हाक देताना

हौशी रेडिओचा छंद असलेला एखादा बंधू दीर्घ आजारातून उठतो, त्यातच घर बदलते आणि त्याचे केंद्र वर्षभर मुके राहते. मग मनात येते, आता कोणत्या तोंडाने बोलावे?

प्रथम परवान्यावरील पत्ता बदलून घ्यावा. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर तार लागते. नव्या घरी जागा अपुरी असल्यास, विजेच्या तारांपासून दूर, तिचा मध्यभाग एका खांबावर उंच बांधून दोन्ही टोके खाली उतरवावीत. अंगात शक्ती नसेल तर चढण्याचे काम दुसऱ्याला सांगावे. मदत मागणे हीच मित्रमंडळीत परतण्याची पहिली पायरी होय.

नंतर काही दिवस केवळ ऐकावे. मग 'सीक्यू' ही हाक द्यावी. ती कोणा एकासाठी नसते. जो ऐकेल त्याने उत्तर द्यावे, एवढाच तिचा अर्थ. तिच्यात गैरहजेरीचा जाब नसतो.

ऐकणाऱ्यांनीही 'इतके दिवस कुठे होता?' असे न विचारता प्रथम 'तुमचा आवाज पोहोचला' असे सांगावे. शेवटी '७३', म्हणजे शुभेच्छा, म्हणून निरोप घ्यावा.

शिक्षकांनी वर्गात विचारावे: आपल्यातील कोणाची हाक बरेच दिवस ऐकू आली नाही? आणि आपण ऐकत आहोत काय?