कुंचल्याचें अक्षर

गेल्या स्नेहसंमेलनाचा फलक आम्हीं संगणकावर छापून घेतला. अक्षर असें निवडलें कीं, तें कोरड्या कुंचल्यानें भरभर लिहिल्यासारखें दिसावें. फलक पाहून एका विद्यार्थ्याचे वडील हंसले. ते पूर्वीं लालबागेंत पाट्या रंगवीत असत. ते म्हणाले, "सर, 'स्नेहसंमेलन' या शब्दांतले दोन्ही 'न' एकाच साच्यांतून काढलेत कीं हो!" पाहतों तों खरेंच, दोहोंच्या दांड्यावर तोच ओरखडा, त्याच जागीं.

विद्यार्थिमित्रांनो, कुंचला रंगांत बुडवून 'लालबाग' असें लिहून पाहा. पहिला 'ल' भरगच्च उतरतो, दुसऱ्याशीं रंग ओसरतो आणि 'ग' काढतांना केंसांमधून कागद दिसूं लागतो. फाँटमध्यें एकदां काढलेलें अक्षरच पुनः पुनः उमटतें. म्हणून चांगला कारागीर एकेका अक्षराचीं दोन-तीन रूपें काढून तीं आळीपाळीनें यावींत अशी योजना करतो.

याहून बिकट प्रश्न शिरोरेषेचा. आपली रेघ एका अक्षराच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. तिच्या तुकड्यांचीं टोंकें खडबडीत ठेवलीं तर सांधे उघडे पडतात. गुळगुळीत केलीं तर कुंचल्याचा भासच उरत नाहीं. त्यांतच शेंकडों जोडाक्षरें, आणि प्रत्येक ओरखड्याची कडा बिंदूबिंदूनें आखावयाची! एवढें करूनहि अक्षर लहान छापलें कीं ओरखडे बुजतात व नुसता डाग दिसतो. म्हणून तें मथळ्यापुरतेंच वापरावें.

छापखान्यास एकसारखेपणा हाच गुण वाटे. जावजी दादाजींनीं 1869 सालीं मुंबईंत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे सुबक खिळे त्याच गुणानें नांवाजले. याउलट कमल शेडगे (निधन 2020) नाटकाच्या नांवाचें अक्षर त्या त्या नाटकाचा स्वभाव पाहून रेखाटीत.

या दोन वाटांमधून गेलेला एक फाँट आपल्याच शहरांतून निघाला आहे. मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हातानें रंगविलेल्या पाट्या पाहून कॅथरीन ली श्मिट या अमेरिकन बाईंनीं 'यात्रा' हा फाँट केला. तो कोणासहि विनामूल्य वापरतां येतो. त्याच्या कडा स्वच्छ आहेत, ओरखड्यांचा हव्यास नाहीं. देवनागरीच्या बोरूचा कल रोमन लेखणीच्या उलट असतो, त्यामुळें जाड-बारीक रेघा वेगळ्या ठिकाणीं पडतात. एरवीं देवनागरीलाच इंग्रजीशीं जुळवून घ्यावें लागतें. बाईंनीं येथें रोमन अक्षरांस देवनागरीचा कल दिला. मला हा न्याय फार आवडला.

यंदाचा फलक मात्र ते पालक स्वतः रंगविणार आहेत. खडूनें दोन रेघा आखून ते सुरुवात मधल्या अक्षरापासून करतात, म्हणजे शब्द फळ्यावर नेमका मध्यें बसतो. ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं दुपारीं चित्रकलेच्या वर्गांत यावें; जुना सदरा घालून यावें, रंग लवकर निघत नाहीं.